औषधाची हजेरी

शाळेंत असतांना आम्हीं बत्तीस वर्षें मुलांची हजेरी घेतली. नांव पुकारावें, ‘हजर’ असा शब्द कानीं पडावा आणि पटावर खूण करावी, एवढेंच तें काम. परंतु त्यांत फसगत कशी होते हें कळावयास आम्हांस पहिलीं चार वर्षें लागलीं. मागच्या बांकावरील एक विद्यार्थी शेजाऱ्याचा आवाज हुबेहूब काढी. शेजारी त्या वेळीं कृष्णेच्या डोहांत डुंबत असे आणि आमच्या पटावर त्याची उपस्थिति अखंड लागे. वार्षिक परीक्षेंत हा अखंड उपस्थितीचा विद्यार्थी तीन विषयांत नापास झाला, तेव्हां कोठें आमचे डोळे उघडले. हा जुना प्रसंग आज आठवण्याचें कारण असें कीं, आमच्या स्वतःच्या घरांत अलीकडे तशीच एक हजेरी सुरू झाली होती. ती मुलांची नव्हे, औषधाच्या गोळ्यांची.

वाईस आमचें जुनें घर आहे व लहानमोठीं अकरा माणसें आजही एका चुलीवर जेवतात. घरांत सर्वांत वडील म्हणजे आमच्या वहिनी. त्यांस अठ्ठ्याहत्तरावें वर्ष चालूं आहे. आमचे ज्येष्ठ बंधु निवर्तल्यास नऊ वर्षें झालीं. त्यांचा एकुलता मुलगा अमेरिकेंत बॉस्टन शहरीं नोकरीस असतो. वहिनींस रक्तदाबाचा विकार जडल्याचें निदान झालें व डॉक्टरांनीं रोज सकाळीं घ्यावयाची एक लहानशी पांढरी गोळी सुरू केली. त्यानंतरच्या दिवाळीस पुतण्या आला तो एक पेटी घेऊनच. पेटीस सात वारांचे सात कप्पे. सकाळचे आठ वाजले कीं त्या दिवसाच्या कप्प्यावर दिवा लुकलुकूं लागतो व बारीक सूर निघतो. झांकण उघडलें कीं ही वार्ता घरच्या इंटरनेटवरून तत्क्षणीं बॉस्टनला जाते व पुतण्याच्या मोबाइलवर हिरवी खूण उमटते. अर्ध्या तासांत झांकण उघडलें नाहीं तर खूण तांबडी होते. आपल्या सकाळच्या आठ वाजतां हिंवाळ्यांत तेथें आदल्या रात्रीचे साडेनऊ होतात. म्हणजे जेवण उरकून तो खुर्चीवर बसला कीं त्यास आईची खुशाली कळावी, अशी ही योजना. तांबडी खूण दिसली कीं लगेच त्याचा फोन येई: “आई, गोळी?”

घरांत या पेटीचें कौतुक सर्वांत अधिक आम्हींच केलें, हें येथेंच कबूल करून टाकतों. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. संस्कृत तेवढें वडिलांजवळ जुन्या पद्धतीनें झालें. वैद्यकाशीं आमचा संबंध केवळ रोगी या नात्याचा. परंतु निवृत्तीनंतर वेळ पुष्कळ, व पुतण्यानें संगणकावर वाचण्याची सोय करून दिलेली; म्हणून या पेटीचें कुळ आणि मूळ काय आहे, तें शोधण्यांत आम्हीं तो सर्व हिंवाळा घालविला. जें सांपडलें तें वाचकांच्या घरीं अशी पेटी येण्यापूर्वीं त्यांस सांगावें, असें वाटतें.

रोगी ‘औषध घेतों’ म्हणतो आणि घेत नाहीं, ही गोष्ट वैद्यांस नवी नाहीं. ग्रीसमध्यें हिपॉक्रटीसाच्या नांवावर जो जुना ग्रंथसमूह आहे, त्यांतही वैद्यास सावध केलेलें आहे कीं, सांगितलेलें औषध न घेतां घेतलें म्हणून सांगणारे रोगी असतात. सन २००३ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें या विषयावर एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. जुनाट विकारांवरील औषध सांगितल्याप्रमाणें घेणारांचें प्रमाण संपन्न देशांतही सरासरीनें निम्म्याच्या आसपास आहे, असें त्यांत नमूद आहे. म्हणजे दर दोन माणसांपैकीं एक. आमच्या वर्गांत एवढी गैरहजेरी असती तर शाळा-तपासनिसानें आमची खैर केली नसती.

क्षयरोगांत या गैरहजेरीचें भय सर्वांत मोठें. क्षयाचें औषध साधारणतः सहा महिने घ्यावें लागतें. पहिल्या दीड-दोन महिन्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, अंगावर मांस धरूं लागतें. मनुष्य कामावर जातो, आणि मग पोटांत मळमळ उत्पन्न करणाऱ्या त्या मूठभर गोळ्या त्यास नकोशा होतात. अर्धवट उपचारांतून वांचलेले जंतु पुढें त्या औषधास दाद देईनासे होतात; आणि ते त्याच्या एकट्याच्या छातींत राहत नाहींत, खोकल्याबरोबर शेजाऱ्याच्या फुप्फुसांत जातात. रक्तदाबाची गोळी चुकविणारा स्वतःचें नुकसान करतो; क्षयाची गोळी चुकविणारा दुसऱ्याचेंही करतो. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पहारा कोणी कोणावर करावा या प्रश्नाचें निम्मेंअधिक उत्तर त्यांत आहे.

या पहाऱ्याचा एक मोठा अध्याय आपल्याच देशांत लिहिला गेला, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. सन १९५६ मध्यें भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद या चौघांनीं मिळून मद्रासेस एक क्षयोपचार केंद्र काढलें. वॉलेस फॉक्स नांवाचे इंग्रज डॉक्टर या कामाचे सूत्रधार. तोंपर्यंतची समजूत अशी कीं, क्षयी मनुष्यास हवाशीर आरोग्यधामांत ठेवून पौष्टिक आहार व विश्रांति दिलीच पाहिजे. मद्रासेंतील गरीब, दाटीवाटीच्या वस्तींतील रोग्यांचे दोन भाग करण्यांत आले. एका भागास आरोग्यधामांत ठेवलें, दुसऱ्यास तींच औषधें देऊन त्यांच्या घरीं. सन १९५९ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा कीं, वर्षाअखेर घरचे रोगी आरोग्यधामांतल्यांच्या जवळजवळ बरोबरीनें बरे झाले. जगांतील क्षयोपचाराची दिशाच या एका प्रयोगानें बदलली. परंतु घरीं ठेवलेला रोगी औषध घेतो किंवा नाहीं हें कळावें कसें? केंद्राचीं माणसें आगाऊ वर्दी न देतां त्याच्या घरीं जात व उरलेल्या गोळ्या मोजीत. लघवीचा नमुना घेऊन त्यांत रसायनाचे थेंब टाकीत; औषध पोटांत गेलें असेल तर रंग पालटे. रोगी स्वतःच्या हातानें औषध नियमितपणें घेत नाहीं, हा प्रश्न किती बिकट आहे, यावर फॉक्स यांनीं सन १९५८ मध्येंच एक स्वतंत्र निबंध लिहिला. पुढें ‘देखरेखीखालीं प्रत्यक्ष गिळविणें’ ही जी पद्धति ‘डॉट्स’ या नांवानें जगभर पसरली, तिचें बीज या विचारांत आहे. आपल्या देशांत सन १९९७ पासून राष्ट्रीय कार्यक्रमानें ती स्वीकारली. रोग्यानें आठवड्यांतून तीन वेळां केंद्रावर जावें, पाणी हातांत घ्यावें आणि दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत गोळ्या गिळाव्या. गुण येत असे, यांत संशय नाहीं. पण रोजंदारीवर पोट भरणाऱ्याचा निम्मा दिवस त्यांत जाई, व रांगेंत ओळखीचें कोणी दिसलें कीं अब्रूही जाई.

मनुष्य मनुष्यावर पहारा करतो तो असा महाग पडूं लागल्यावर यंत्राकडे लक्ष जाणें स्वाभाविक होतें. अमेरिकेंत १९८०च्या दशकांत औषधाच्या बाटलीच्या झांकणांत एक इलेक्ट्रॉनिक चिप बसविण्यांत आली. झांकण जेव्हां जेव्हां उघडेल तेव्हांची तारीख आणि वेळ ती टिपून ठेवी. आमच्या पेटीची ही आजी म्हणावी. जॉइस क्रेमर व त्यांचे सहकारी यांनीं या झांकणाच्या साहाय्यानें अपस्माराच्या रोग्यांची पाहणी करून सन १९८९ मध्यें आंकडे प्रसिद्ध केले: दिवसांतून एकदां गोळी घ्यावयाची असेल तर शंभरांपैकीं ८७ मात्रा घेतल्या जात, चार वेळां घ्यावयाची असेल तर अवघ्या ३९. पुढल्या वर्षीं त्यांनीं आणखी एक मौज दाखवून दिली. डॉक्टरांकडे जाण्याच्या आधींच्या पांच दिवसांत ८८ टक्के, भेटीनंतरच्या पांच दिवसांत ८६ टक्के, आणि भेट होऊन महिना लोटला कीं ६७! परीक्षा जवळ आली म्हणजेच पुस्तकावरची धूळ झाडणारे विद्यार्थी आम्हांस येथें स्पष्ट दिसले. वाचतांना आम्ही हंसलों. पण याच आंकड्यांची प्रचीति आमच्या माजघरांत त्या वेळीं येत होती, हें आम्हांस कोठें ठाऊक होतें!

आपल्याकडे क्षयरोग्यांसाठीं निघालेली युक्ति याहून कितीतरी स्वस्त, आणि आमच्या मतें अधिक चतुर. बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन संस्थेंत बिल थीस व अँड्र्यू क्रॉस यांनीं ‘९९डॉट्स’ नांवाची योजना तयार केली. पुढें एव्हरवेल या संस्थेमार्फत ती चालली. गोळ्यांचें पान कागदाच्या एका पाकिटांत बसविलेलें असतें. गोळी दाबून बाहेर काढली कीं तिच्यामागें दडलेला फोनचा क्रमांक दिसतो. गोळी काढल्याशिवाय आज कोणता क्रमांक येणार हें कळत नाहीं. त्या क्रमांकास रोग्यानें एक मिस्ड कॉल द्यावा. पैसा पडत नाहीं, बोलावें लागत नाहीं, फोनही साधा चालतो. तिकडे संगणकावर त्याच्या नांवापुढें खूण होते. सन २०१७ पासून आपल्या देशांत क्षयाच्या गोळ्या तिसऱ्या दिवसाऐवजीं रोज देण्याचें धोरण आलें, तेव्हां रोज केंद्रावर बोलावणें अशक्यच होतें व अशा योजनांचें महत्त्व वाढलें.

आतां ही खूण कितपत खरी? संशोधकांनीं चेन्नई, वेल्लोर आणि मुंबई येथें या योजनेंतील रोग्यांच्या घरीं अचानक जाऊन लघवी तपासली. मद्रासची जुनीच रीत. त्याचा निष्कर्ष सन २०२० मध्यें प्रसिद्ध झाला. बहुतेक रोग्यांच्या लघवींत औषध सांपडलें. म्हणजे ते औषध घेत होते. परंतु त्यांतील पुष्कळांचे मिस्ड कॉल मात्र आलेले नव्हते. संगणकाच्या पटावर ते गैरहजर! मोबाइलची लहर नसणें, अक्षरओळख नसणें, रोज रोज तेंच करून येणारा कंटाळा, अशीं याचीं कारणें. ज्या घरांत फोन एकच आणि तोही कर्त्या पुरुषाच्या खिशांत, त्या घरांतील सुनेनें आपली हजेरी लावावी कशी, हाही प्रश्न आहेच. आमच्या वर्गांत डोहांत डुंबणारा हजर लागे. येथें बाकावर बसलेला गैरहजर लागला. पट दोन्ही वेळां खोटाच.

पेटी उघडणें म्हणजे गोळी गिळणें नव्हे, आणि फोन न करणें म्हणजे गोळी चुकविणें नव्हे, हें शास्त्रज्ञांसही कळत होतेंच. म्हणून कांहींनीं पहारेकरी थेट पोटांत धाडला. सन २०१७ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेच्या सरकारी औषध खात्यानें ‘ॲबिलिफाय मायसाइट’ या गोळीस परवानगी दिली. ओत्सुका या जपानी कंपनीचें औषध आणि प्रोटियस या अमेरिकन कंपनीचें यंत्र यांचा हा संयोग. गोळींत वाळूच्या कणाएवढा एक तुकडा असतो. त्यांत तांबें आणि मॅग्नेशियम हे धातु असतात. जठररसाचा स्पर्श होतांच त्यांतून सूक्ष्म विद्युत्संकेत निघतो, फासळीवर चिकटविलेली पट्टी तो टिपते, पट्टीकडून तो मोबाइलला आणि रोग्याची संमति असल्यास डॉक्टरांस व आप्तांस कळतो. युक्ति अचाट खरी. पण हें औषध कोणत्या रोगाचें, तर स्किझोफ्रेनिया व तत्सम मनोविकारांचें! आपल्यावर कोणीतरी नजर ठेवून आहे, या भासानें जो रोगी रात्र रात्र जागतो, त्याच्या पोटांत खरोखरच हेर सोडावयाचा, याला काय म्हणावें? शिवाय या साधनानें रोगी अधिक नियमित होतो असें सिद्ध झालेलें नाहीं, ही गोष्ट औषधाबरोबरच्या अधिकृत पत्रकांतच छापलेली आहे. प्रोटियस कंपनीनें सन २०२० च्या जूनमध्यें दिवाळें जाहीर केलें.

मग हीं सर्व यंत्रें व्यर्थच कां? तसेंही नाहीं, आम्हांस एकांगी लिहावयाचें नाहीं. चीनमध्यें छत्तीस जिल्ह्यांत क्षयरोग्यांवर एक प्रयोग झाला व सन २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला. महिन्यांतील एक-पंचमांश वा त्याहून अधिक मात्रा चुकण्याचें प्रमाण साध्या उपचारांत ३० टक्के होतें. नुसते मोबाइलवर संदेश धाडून तें २७ वर आलें, पण आठवण देणाऱ्या पेटीनें १७ पर्यंत उतरलें. पेटी चांगली, असेंच कोणीही म्हणेल. परंतु त्याच देशांतील पुढल्या मोठ्या प्रयोगांत, जो सन २०२३ मध्यें प्रसिद्ध झाला, उपचाराच्या अंतिम फळांत पेटीमुळें फरक पडल्याचें दिसलें नाहीं. अमेरिकेंत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५०९ रोग्यांच्या प्रयोगाचीही तीच गत. त्यांस चिपच्या बाटल्या दिल्या, गोळी घेणारास सोडतींत बक्षीस ठेवलें, गोळी चुकल्यास आप्तेष्टांस खबर जाईल अशीही सोय ठेवली. तरी पुन्हां इस्पितळांत जाण्याचें प्रमाण म्हणण्यासारखें घटलें नाहीं. उलट केनियाची राजधानी नैरोबी येथील प्रयोग पाहा. तेथें रोग्यास रोज मोबाइलवर आठवण जाई व तो स्वतःच ‘घेतली’ असें कळवी. उत्तर आलें नाहीं तर मात्र यंत्र स्वस्थ बसे आणि मनुष्य फोन करी, विचारपूस करी, अडचण ऐकून घेई. सन २०१९ मध्यें त्याचे आंकडे प्रसिद्ध झाले: उपचार फसण्याचें प्रमाण एरवीच्या रोग्यांत १३ टक्के, या रोग्यांत ४. यंत्र तेथेंही होतेंच. पण यंत्राच्या पलीकडे कोणीतरी बसलेलें होतें, व तें हिशेब विचारीत नव्हतें.

एवढें वाचून आम्हीं टांचणें काढलीं, आणि पुतण्यास त्यांवर एक विद्वत्तापूर्ण पत्रही लिहिलें. आमच्या घरच्या पेटीवर रोज हिरवी खूण उमटत होती. मार्गशीर्षांत वहिनींस तपासणीस नेलें. रक्तदाब होता तसाच. डॉक्टरांनीं विचारलें, “गोळी नियमित घेतां ना?” वहिनी कांहीं बोलण्यापूर्वींच आम्हीं मोबाइल पुढें केला. सर्व हिरवें! डॉक्टर प्रसन्न झाले आणि म्हणाले, औषध बरोबर पोटांत जात असतांना दाब उतरत नाहीं, अर्थात् मात्रा अपुरी आहे. त्यांनीं पांच मिलिग्रॅमची गोळी दहाची केली. त्यांचा तर्क निर्दोष होता. त्यांस दिलेला पुरावा आमचा होता.

माघांत, पुढल्या तपासणीच्या दिवशीं सकाळीं, वहिनी देवघरांतून उठतां उठतां घेरी येऊन पडल्या. डाव्या मनगटाचें हाड मोडलें. डोकें उंबऱ्यावर आपटावयाचें तें चार बोटांनीं चुकलें. त्यांचे कपडे काढून देण्यासाठीं आमची धाकटी नात त्यांच्या खोलींत गेली, आणि पेटारा उघडतांना तिला त्यांच्या लग्नांतली फणेरपेटी सांपडली. फणेरपेटींत कागदाच्या दोन पुड्या होत्या. एकींत अडतीस गोळ्या, दुसरींत सव्वीस. पहिल्या पांचाच्या, दुसऱ्या दहाच्या, हिशेबास चोख. रोज आठाला दिवा लुकलुके, वहिनी झांकण उघडीत, बॉस्टनला हिरवी खूण उमटे, आणि गोळी फणेरपेटींत जाई. टाकवत नव्हती, पैसे पडले होते. तपासणी जवळ आली म्हणून शेवटचे तीन दिवस मात्र त्यांनीं त्या दुप्पट मात्रेच्या गोळ्या खरोखरच घेतल्या होत्या. क्रेमरबाईंचा आंकडा!

हात प्लॅस्टरमध्यें घालून घरीं आल्यावर आम्हीं त्यांच्याजवळ बसलों. प्रथम त्या कांहींच बोलेनात. मग म्हणाल्या, “भावोजी, त्या गोळीनें पाय सुजतात हो माझे. वहाण चढत नाहीं, पूजेला मांडी घालतां येत नाहीं.” आम्हीं विचारलें, “मग बाळला सांगितलें कां नाहीं?” त्यावर त्या जें बोलल्या तें आम्हांस अजून टोंचतें. “तो रोज विचारतो, गोळी घेतली का. घेतली म्हणून सांगते. पाय कसे आहेत असें कुणी विचारलेंच नाहीं.”

कुणी म्हणजे बाळनें नव्हे. तो सात समुद्रांपलीकडे. आम्ही एका घरांत अकरा माणसें. त्या रोज आमच्यासमोर पाटावर बसत, आणि माघापूर्वीं दोन महिने त्या पाटाऐवजीं खुर्ची घेऊं लागल्या होत्या, हें आम्हांस आतां आठवतें. वय झालें, असें म्हणून आम्हीं सोडून दिलें. पेटी येण्यापूर्वीं सकाळीं कोणी ना कोणी पाण्याचें भांडें घेऊन त्यांच्याजवळ जाई. “घ्या, वहिनी” म्हणून उभें राही. पेटी आली आणि तें थांबलें. दिवा लुकलुकतो आहे, बाळ पाहतो आहे, मग आपण कशास पाहावें? फसवणूक वहिनींनीं केली असें आम्ही म्हणत नाहीं. बत्तीस वर्षें हजेरी घेतलेल्या मास्तरानें पट पाहिला आणि मुलाकडे पाहिलें नाहीं.

डॉक्टरांनीं सर्व ऐकून घेतलें. ॲम्लोडिपिन या औषधानें घोट्याशीं सूज येते, ही अगदीं माहीत असलेली गोष्ट आहे, असें ते म्हणाले. मात्रा वाढविण्याऐवजीं औषधच बदलावयास हवें होतें. त्यांनीं तें बदललें, आणि पंधरा दिवसांत सूज ओसरली.

त्या रात्रीं आम्हीं चरकसंहिता काढून सूत्रस्थानांतील नववा अध्याय पुन्हां वाचला. चिकित्सेचे चार पाद तेथें सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, शुश्रूषा करणारा व रोगी. रोग्याच्या अंगीं चार गुण असावे लागतात. पहिला स्मृति, दुसरा निर्देशकारित्व म्हणजे सांगितल्याप्रमाणें वागणें, तिसरा अभीरुत्व म्हणजे निर्भयता, आणि चौथा ज्ञापकत्व, म्हणजे आपणांस काय होतें आहे तें वैद्यास कळविणें. लहानपणीं वडिलांनीं हीं नांवें पाठ करून घेतलीं होतीं. त्यांची संगति आतां लागली. आजचीं हीं यंत्रें स्मृति पुरवितात, व ती चांगली पुरवितात. विसराळू रोग्यास पेटीचा सूर हा उपकारच आहे. निर्देशकारित्वाची तीं मोजदाद करतात, खरीखोटी कशीही असो. पण ज्याच्यावर लक्ष ठेवलें जातें त्याची निर्भयता कमी होते. आणि यंत्रच सर्व कळवितें असें झालें कीं रोगी स्वतः कळवीनासा होतो. वहिनींची स्मृति आजही आमच्यापेक्षां चांगली आहे. त्यांस पेटीची गरजच नव्हती! त्यांस गरज होती ती पाय सुजले हें सांगण्यास एका माणसाची. शुश्रूषा करणाऱ्याच्याही गुणांत चरकानें कौशल्य, चातुर्य व शुचिता यांबरोबर रोग्याविषयींचा अनुराग गणला आहे. पेटींत बाकीचे तीन कदाचित् असतील.

क्षयाच्या बाबतींत आम्ही पहाऱ्याच्या विरुद्ध नाहीं. तेथें शेजाऱ्याच्या फुप्फुसाचा प्रश्न आहे, व सरकारनें लक्ष ठेवलेंच पाहिजे. फक्त खूण चुकली कीं शिक्षा करणारा शिपाई न धाडतां विचारपूस करणारा मनुष्य धाडावा, एवढेंच मागणें. घरच्या वडील माणसांच्या रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोष्ट निराळी. ती पेटी ज्याची त्याची असावी. तिची वार्ता दुसऱ्यास जावी कीं नाहीं, हें ज्याच्या पोटांत गोळी जाणार त्यास प्रथम विचारावें. आम्हीं वहिनींस विचारलें नव्हतें. पुतण्यानेंही नाहीं, त्याच्या मनांत मायेवांचून दुसरें कांहीं नव्हतें, पण मायेला परवानगी लागत नाहीं असें आपण सारेच धरून चालतों.

पुतण्यास हें सर्व कळविलें तेव्हां तो फोनवर बराच वेळ गप्प होता. मग त्यानें तिकडूनच पेटीची ती वार्ता बंद केली. सूर व दिवा वहिनींनीं स्वतःच राहूं द्या म्हटलें. “स्वयंपाकांत वेळ कळते,” म्हणाल्या. आतां आठाला सूर निघाला कीं त्या आमच्याकडे पाहून “भावोजी, तुमची साखरेची घेतलीत का?” असें विचारतात, व आम्हांस खरें तेंच सांगावें लागतें.

रोजचा फोन गेला आणि रविवारचा लांबलचक फोन आला, तोही चित्रासह. परवांच्या रविवारीं पुतण्या म्हणाला, “आई, पाय बघूं.” वहिनींनीं मोबाइल पावलांशीं धरला आणि म्हणाल्या, “बघ. पण आधीं नमस्कार कर.”